रिकाम्या जागेची बातमी : पदवीधर आणि नोकरी यांच्यामधल्या अंतराचा इतिहास

१/
महाविद्यालयीन तरुणांना नोकरी शोधून देणारे एखादे नवे स्टार्टअप दर काही महिन्यांनी जन्माला येते. कल्पना इतकी उघड भासते की, तिलाही काही पूर्वेतिहास असेल असे कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः या कल्पनेचे वय सव्वाशे वर्षांहून अधिक आहे. विद्यापीठांनी ती करून पाहिली, सरकारांनी कायदे करून पाहिले, वृत्तपत्रांनी तिच्यावर आपली तिजोरी भरली आणि सरतेशेवटी एका भारतीय उद्योजकाने सात वर्षे वाट पाहून तिला नवे रूप दिले. या साऱ्या प्रयत्नांना एकच प्रश्न पुरून उरला : जागा रिकामी झाल्याची बातमी कोणाला कळते? या प्रश्नाच्या इतिहासाचा हा धागा.

२/
मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. त्याचे पहिले पदवीधर १८६२ साली बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. तेव्हा पदवीधरांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि शिक्षण, महसूल, न्याय ही खाती इंग्रजी जाणणाऱ्या माणसांच्या शोधात होती. पुढे पदवीधर वाढले, जागा त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. मग शिफारसपत्र, साहेबाची चिठ्ठी, कचेरीत आधीच चिकटलेला मामा किंवा गाववाला यांना महत्त्व आले. ‘वशिला’ हा शब्द मराठीत निंदेचा खरा. पण इतिहासाच्या दृष्टीने तो बातमीच्या एका मार्गाचे नाव आहे. दुसरा मार्ग नसताना तोच राजमार्ग ठरला.

३/
हा मार्ग सर्वांना खुला करण्याचा संघटित प्रयत्न इंग्लंडमध्ये विद्यापीठाच्या पातळीवर लवकर झाला. ऑक्सफर्ड विद्यापीठाने १८९२ मध्ये नियुक्ती समिती स्थापन केली. पदवीधरांची नावे एका ठिकाणी नोंदवायची, नोकरी देणाऱ्यांशी पत्रव्यवहार ठेवायचा आणि दोघांची गाठ घालून द्यायची, असे तिचे काम. आजच्या महाविद्यालयातला ‘प्लेसमेंट सेल’ हा याच समितीच्या वंशातला. यात एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. समिती केवळ जागांची यादी देत नव्हती, उमेदवाराविषयी विद्यापीठाचा शब्दही देत होती. बातमी आणि भरवसा या दोन वस्तू वेगळ्या असतात, हे पुढील सबंध कहाणीत वारंवार दिसेल.

४/
ब्रिटिश सरकारने याच कल्पनेला कामगारांसाठी कायद्याचे रूप दिले. १९०९ च्या कायद्यानुसार फेब्रुवारी १९१० पासून देशभर ‘लेबर एक्स्चेंज’ उघडली गेली. त्यामागे व्यापार मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष विन्स्टन चर्चिल आणि अर्थतज्ज्ञ विल्यम बेव्हरिज होते. बेव्हरिज यांचा युक्तिवाद साधा होता : मजूर कारखान्यामागून कारखान्याचे दार ठोठावत फिरतो, त्यात दिवस वाया जातात, कारखानदारालाही माणूस कुठे आहे ते ठाऊक नसते. धान्याला बाजार असतो, मग श्रमाला का नसावा? बाजार म्हणजे बातम्यांची देवघेव होण्याची ठरलेली जागा. ती सरकारने बांधून द्यावी, हा या युक्तिवादाचा गाभा.

५/
अमेरिकेत निराळा विचार पुढे आला. बोस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचे कार्यालय सुरू केले. त्याच वर्षी ते निवर्तले. त्यांचे पुस्तक १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले. नोकरी शोधण्याआधी तरुणाने स्वतःचा कल ओळखावा, निरनिराळ्या व्यवसायांची माहिती घ्यावी आणि मग दोहोंची सांगड घालावी, असे त्यांचे सांगणे. ही लाट मुंबईलाही पोहोचली. १९४१ मध्ये येथे बाटलीबॉय यांच्या पुढाकाराने व्यवसाय मार्गदर्शन केंद्र निघाले, १९४७ मध्ये पारशी पंचायतीने आपले केंद्र उघडले आणि १९५० मध्ये मुंबई सरकारनेही हे काम हाती घेतले. मार्गदर्शनाने तरुणाला दिशा मिळाली. जागा कुठे रिकामी आहे, हे मात्र त्याला अन्यत्रच शोधावे लागले.

६/
दरम्यान १९२९ नंतरच्या जागतिक मंदीने हिंदुस्थानातील सुशिक्षित बेकारीचा प्रश्न उघडा पाडला. संयुक्त प्रांताच्या सरकारने सर तेज बहादूर सप्रू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९३५ चा. पदव्या वाढत आहेत आणि त्या पदव्यांना साजेशी कामे वाढत नाहीत, या दुखण्यावर समितीने सविस्तर विचार केला. तिच्या अनेक शिफारशींपैकी एक अशी की, ब्रिटिश विद्यापीठांच्या धर्तीवर येथेही नियुक्ती मंडळे असावीत. म्हणजे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना नोकरी मिळवून देणारी संस्था असावी, हा विचार भारतात निदान ९० वर्षांचा आहे.

७/
भारतात सरकारी यंत्रणा मात्र पदवीधरांसाठी उभी राहिली नाही. ती सैनिकांसाठी उभी राहिली. दुसरे महायुद्ध संपताना लाखो सैनिक आणि युद्धकाळातले कामगार मोकळे होणार होते. त्यांच्या पुनर्वसनासाठी जुलै १९४५ मध्ये एक महासंचालनालय निर्माण झाले आणि त्याच्या हाताखाली एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज सुरू झाली. फाळणीनंतर निर्वासितांनाही त्यांचा आधार मिळाला आणि १९४८ मध्ये त्यांचे दार सर्वांना खुले झाले. नोव्हेंबर १९५६ पासून त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. महाराष्ट्रात ज्यांना आपण सेवायोजन कार्यालये म्हणतो, त्यांचे मूळ हे असे युद्धात आहे.

८/
१९५९ मध्ये संसदेने कायदा केला; तो १ मे १९६० पासून अमलात आला. सरकारी आस्थापनांनी, तसेच २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांनी आपल्याकडील रिक्त जागा एक्स्चेंजला कळवणे बंधनकारक झाले. शेती, घरकाम, तीन महिन्यांहून कमी मुदतीचे काम, बढतीने भरायच्या जागा अशा काही गोष्टी वगळल्या होत्या. कायद्याचा हेतू स्पष्ट होता : बातमी दडवू नका. परंतु त्याच कायद्यात आणखी एक कलम होते. जागा कळवलीच पाहिजे. ती एक्स्चेंजने पाठवलेल्या उमेदवारांतूनच भरली पाहिजे, असे मात्र बंधन नाही. खासगी मालकाने कागद पाठवावा आणि माणूस आपल्या ओळखीतला घ्यावा, यास कायद्याची आडकाठी नव्हती.

९/
त्यामुळे बातमी कागदोपत्री आली, तिचा जीव मात्र गेला. मालकाला एक्स्चेंजमधून चांगला माणूस मिळण्याची आशा नाही, म्हणून तो जागा कळवण्यास अनुत्सुक. चांगल्या जागा येत नाहीत, म्हणून हुशार उमेदवार अन्य मार्गाला लागलेला. आणि तो नाही, म्हणून मालकाचा अविश्वास अधिक पक्का. हे चक्र दशकानुदशके फिरत राहिले. तरुणांची रांग मात्र हटली नाही, कारण अनेक सरकारी जागांसाठी नाव नोंदवलेले असणे आवश्यक होते. नोंदणीचे कार्ड जपून ठेवायचे, ठरावीक काळाने त्याचे नूतनीकरण करायचे आणि ‘कॉल’ येण्याची वाट पाहायची, हा एका पिढीचा अनुभव. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात देशभरातील नोंदणीचा आकडा साडेतीन कोटींच्या पुढे गेला होता. वर्षाकाठी त्यांतून नोकरीला लागणारे मात्र काही लाखच.

१०/
हा प्रश्न न्यायालयातही पोहोचला. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, १९५९ चा कायदा एक्स्चेंजमधूनच भरती करण्याची सक्ती करत नाही. मात्र सरकारने आपल्या कार्यालयांसाठी तसा दंडक घातला, तर तो गैर नव्हे. १९९६ मध्ये मलकापट्टणम येथील अबकारी अधीक्षकांच्या खटल्यात न्यायालय पुढे गेले. एक्स्चेंजकडून नावे मागवाच, पण वृत्तपत्रांत जाहिरातही द्या आणि अर्ज करणाऱ्या सर्वांचा विचार करा, असा त्या निकालाचा आशय. ज्याच्यापर्यंत बातमी पोहोचलीच नाही, त्याला समान संधी मिळाली असे म्हणता येणार नाही, हे तत्त्व त्यामागे होते. नोकरीची बातमी ही सोय न राहता हक्काच्या कक्षेत आली, ती येथे.

११/
वृत्तपत्रांचा मार्ग जुना आणि भरभराटीचा होता. केंद्र सरकारने १९७६ मध्ये ‘एम्प्लॉयमेंट न्यूज’ हे साप्ताहिक काढले. त्याची हिंदी आणि उर्दू रूपेही निघाली. खासगी नोकऱ्यांच्या जाहिराती इंग्रजी दैनिकांत आणि व्यापारविषयक नियतकालिकांत येत. पुष्कळदा कंपनीचे नावही नसे, केवळ बॉक्स नंबर असे. अर्ज टंकलिखित करायचा, प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती जोडायच्या आणि तो पाकिटात घालून अज्ञाताकडे पाठवायचा. उत्तर आलेच नाही, तर कारण कळण्याचा मार्ग नाही. शिवाय जाहिरात महाग. मोठ्या पदासाठी किंवा मोठ्या भरतीसाठी ती परवडे; एका कारकुनाच्या वा नवख्या अभियंत्याच्या जागेसाठी छोटा कारखानदार तेवढा खर्च कशाला करील?

१२/
याच काळात अर्थशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ हेच कोडे सोडवत होते. जॉर्ज स्टिगलर यांनी १९६२ मध्ये मांडले की, श्रमाच्या बाजारात माहिती फुकट नसते. ती मिळवण्याला वेळ आणि पैसा लागतो. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन गावातील व्यावसायिक, तांत्रिक व व्यवस्थापकीय पदांवरील २८२ जणांना विचारले की, ही नोकरी तुम्हाला कशी कळली? ५६ टक्क्यांना ती कोणा ओळखीच्या माणसाकडून कळली होती. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी केवळ सहाव्या हिश्शाएवढे लोक त्या माणसाला वारंवार भेटत होते. उरलेल्यांना बातमी देणारा अधूनमधून किंवा क्वचित भेटणारा होता.

१३/
१९७३ मधील त्यांच्या लेखाचा निष्कर्ष आजही उद्धृत होतो. जिवलग मित्रांना बहुधा तेच ठाऊक असते, जे आपल्याला ठाऊक असते. नवी बातमी येते ती दूरच्या ओळखीतून. आता हे भारतीय महाविद्यालयाला लावून पाहावे. ज्याच्या घरात आधीच कोणी अधिकारी, वकील, अभियंता आहे, त्याच्या दूरच्या ओळखी आपोआप शहरभर पसरलेल्या असतात. घराण्यातील पहिला पदवीधर असलेल्या मुलाला जवळची माणसे भरपूर असतात. दूरच्या ओळखी मात्र त्याच्या गावाच्या वेशीपाशी संपतात. गुण सारखे असूनही दोघांच्या वाट्याला येणाऱ्या बातम्या सारख्या नसतात. नोकरी जुळवण्याच्या प्रत्येक योजनेची खरी कसोटी दुसऱ्या मुलापाशी लागते.

१४/
या पार्श्वभूमीवर संजीव बिखचंदानी यांची कहाणी पाहणे उद्बोधक ठरते. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयातून अर्थशास्त्राची पदवी, जाहिरात क्षेत्रात काही वर्षे नोकरी, मग अहमदाबादच्या आयआयएममधून १९८९ मध्ये पदविका, आणि त्यानंतर हॉर्लिक्स बनवणाऱ्या कंपनीच्या विपणन विभागात काम. कार्यालयात ‘बिझनेस इंडिया’ हे पाक्षिक येई. त्यांच्या लक्षात आले की, सहकारी ते शेवटच्या पानापासून वाचतात. मागची कित्येक पाने नोकरीच्या जाहिरातींनी भरलेली असत. यांतले बहुतेक जण नोकरी सोडण्याच्या विचारातही नव्हते. तरीही आधी तीच पाने उघडली जात. शिवाय, उमेदवार हेरणाऱ्या सल्लागारांचे दूरध्वनी सतत येत आणि त्या जागा कोणत्याही जाहिरातीत दिसत नसत.

१५/
या निरीक्षणातून त्यांनी दोन गोष्टी ताडल्या. पहिली : नोकरीची बातमी केवळ बेकाराला हवी असते असे नाही, नोकरीत सुखाने बसलेल्यालाही ती हवी असते. दुसरी : छापून येणाऱ्या जागांखेरीज न छापलेल्या जागांचा मोठा साठा आहे, पण तो देशभर विखुरलेला आहे. तो एका ठिकाणी आणता आला, तर त्याला मोल येईल. सप्रू समितीनेही बेकारीचाच प्रश्न पाहिला होता आणि १९५९ च्या कायद्यानेही बातमीचाच विचार केला होता. येथे फरक आरंभबिंदूचा होता. ‘तुम्हाला काय हवे?’ असे कोणी कोणाला विचारले नव्हते. माणसे प्रत्यक्षात काय करतात, ते पाहिले गेले होते.

१६/
१९९० मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि एका भागीदारासह वडिलांच्या घरी गॅरेजवरील नोकरांच्या खोलीत काम थाटले. कल्पना होती, पण ती वाहून नेणारे साधन नव्हते. म्हणून त्यांनी निरनिराळी माहिती गोळा करून विकण्यास सुरुवात केली. औषध कंपन्यांसाठी व्यापारचिन्हांची सूची हा एक धंदा. नव्याने बाहेर पडणाऱ्या व्यवस्थापन पदवीधरांना व अभियंत्यांना कोणत्या कंपन्या किती पगार देतात, याची पाहणी हा दुसरा. या पाहण्यांनी तगून राहण्यापुरते पैसे दिले आणि नोकरी देणारी कंपनी कोणत्या माहितीला पैसे मोजते, याचा धडाही दिला. १९९३ मध्ये भागीदार वेगळे झाले. घरखर्च प्रामुख्याने पत्नीच्या पगारावर चाले आणि शनिवार-रविवारी ते व्यवस्थापन संस्थांत शिकवत असत.

१७/
मधल्या काळात एक संधी हातातोंडाशी येऊन गेली. दूरसंचार विभागाने ‘व्हिडिओटेक्स’ नावाची सेवा सुरू करण्याचे ठरवले होते. मध्यवर्ती संगणकावर माहितीचे साठे ठेवायचे आणि शहरात ठिकठिकाणी बसवलेल्या पडद्यांवरून लोकांनी ते पाहायचे, अशी ती योजना. बिखचंदानी यांनी नोकऱ्यांच्या माहितीसाठ्याचा प्रस्ताव दिला. योजना मात्र बारगळली. कल्पना बरोबर, गरज खरी, माणूस तयार, आणि तरीही काळ अनुकूल नाही, असे इतिहासात वारंवार घडते. अशा वेळी कल्पना सोडून न देता ती बाजूला जपून ठेवणे, हे स्वतंत्र कौशल्य मानावे लागेल.

१८/
विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. ऑक्टोबर १९९६ मध्ये दिल्लीतील माहिती-तंत्रज्ञानाच्या एका प्रदर्शनात बिखचंदानी यांनी एका गाळ्यावर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ अशी अक्षरे पाहिली. तेथील माणसाने त्यांना याहूवर शोध घेऊन दाखवला. तेव्हा सबंध देशात इंटरनेटची खाती सुमारे १४ हजार होती. तरीही वाचक आणि जाहिराती यांना एकत्र आणणारे साधन हेच, अशी त्यांची खूणगाठ पटली. संकेतस्थळ ठेवण्यासाठी लागणारे यंत्र अमेरिकेत होते. तेथे प्राध्यापक असलेल्या भावाने ते भाड्याने घेऊन दिले, आणि मोबदल्यात त्यांना कंपनीचा हिस्सा देण्यात आला. हे १९९६ साल म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या वरील निकालाचेच साल. दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध नाही. पण जुनी व्यवस्था अपुरी ठरल्याचे दोन्हींत दिसते.

१९/
अशा प्रत्येक उपक्रमापुढे एक पेच असतो. जागा नसतील तर उमेदवार येत नाहीत आणि उमेदवार नसतील तर कंपन्या जागा देत नाहीत. एक्स्चेंज याच पेचात अडकली होती. बिखचंदानी आणि त्यांचे सहकारी यांनी त्यातून साधी वाट काढली. त्यांनी देशभरातील २९ वृत्तपत्रे मागवली, त्यांतील नोकरीच्या जाहिराती हाताने टिपून घेतल्या आणि सुमारे एक हजार जागांची यादी तयार केली. कंपन्यांची परवानगी वा पैसा यांची वाट न पाहता १९९७ मध्ये ‘नोकरी डॉट कॉम’ सुरू झाले. मराठी माणसाला या नावाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती. जे आधीच छापून आले होते तेच एका ठिकाणी ठेवले गेले. पण चेन्नईच्या दैनिकातली जागा आता नागपूरच्या माणसाला दिसू लागली. बातमीला शहराची वेस उरली नाही.

२०/
पुढचा प्रवास सरळ नव्हता. इंटरनेट सेवेवरील सरकारी मक्तेदारी १९९८ च्या अखेरीस संपली आणि वापर वाढू लागला. प्रतिस्पर्धी आले. २००० मध्ये आयसीआयसीआय व्हेंचरने ७.२९ कोटी रुपये गुंतवले. त्याच सुमारास अमेरिकेतील डॉटकॉम कंपन्यांचा फुगा फुटला. पैसा जाहिरातबाजीत न उधळता कंपनीने विक्री प्रतिनिधींचे जाळे उभारले. ते शहरोशहरी जाऊन मनुष्यबळ अधिकाऱ्यांना भेटत. हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. इंटरनेटच्या या व्यवसायाचा पाया दारोदार फिरण्यावर घातला गेला. १९५९ चा कायदा ज्या मालकाकडून सक्तीने बातमी मागत होता, तोच मालक आता पैसे मोजून ती देऊ लागला, कारण बदल्यात त्याला माणूस मिळत होता. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले.

२१/
मग महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा प्रश्न सुटला काय? पूर्णपणे नाही. अशा संकेतस्थळावर माणूस शोधला जातो तो अनुभवाची वर्षे आणि कामाची कौशल्ये पाहून. नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यापाशी दाखवण्याजोगा अनुभव नसतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दाखवले की, मालकाला उमेदवाराची पात्रता थेट दिसत नाही, म्हणून तो पदवीकडे खूण म्हणून पाहतो. पण लाखोंच्या हाती तीच खूण असली, तर मालक दुसरी खूण शोधतो, आणि ती बहुधा महाविद्यालयाचे नाव असते. २००९ मध्ये याच कंपनीने नवपदवीधरांसाठी वेगळे संकेतस्थळ काढावे, यातच या अडचणीची कबुली आहे. त्यांच्याबाबत बातमीइतकीच भरवशाचीही उणीव असते. ऑक्सफर्डची समिती जो ‘शब्द’ देत होती, तो आता कोणी द्यायचा?

२२/
आपल्याकडे तो ‘शब्द’ कॅम्पस मुलाखतींच्या रूपाने दिला जातो. कंपन्या निवडक संस्थांच्या दारी जातात. दूरच्या तालुक्यातील महाविद्यालयापर्यंत त्यांची गाडी पोहोचत नाही. हे दुखणे केवळ भारतीय नाही. अमेरिकेतील मिशिगन टेक हे विद्यापीठ राज्याच्या अगदी उत्तरेस, सुपीरियर सरोवराजवळील हॉटन गावी आहे. मोठ्या शहरांपासून ते फार दूर. तेथील गॅरेट लॉर्ड आणि त्यांचे दोन सोबती यांनी आपल्या दूरवरच्या विद्यापीठातील विद्यार्थ्यांची हीच अडचण पाहून २०१४ मध्ये ‘हँडशेक’ सुरू केले. त्यांनी थेट विद्यार्थ्यांना गोळा करण्याऐवजी विद्यापीठांच्या नियुक्ती कार्यालयांना आपल्या व्यवस्थेत जोडले आणि त्यासाठी मोटारीने विद्यापीठामागून विद्यापीठ पालथे घातले. विद्यापीठाचा जुना ‘शब्द’ नव्या साधनात ओवला गेला, असे म्हणता येईल.

२३/
या सर्व प्रयत्नांची मर्यादाही स्पष्टपणे मांडली पाहिजे. बातमी पोहोचवणारी यंत्रणा जागा निर्माण करत नाही. दहा जागा आणि हजार उमेदवार असतील, तर उत्तम यंत्रणा योग्य दहा जणांना लवकर गाठून देईल. उरलेल्या ९९० जणांसाठी तिच्यापाशी उत्तर नाही. साडेतीन कोटी नावांची नोंदवही हा केवळ एक्स्चेंजच्या अकार्यक्षमतेचा पुरावा नव्हता; देशात पुरेशी कामे निर्माण होत नव्हती, याचाही तो पुरावा होता. सप्रू समितीला हे भान होते, म्हणूनच नियुक्ती मंडळे ही तिच्या अनेक शिफारशींपैकी एक होती, एकमेव नव्हती. नोकरी न मिळालेल्या तरुणाला ‘तू नीट शोधले नाहीस’ असे सांगणे, हे या इतिहासाकडे पाठ फिरवणे होय.

२४/
तरीही बातमीचे मोल कमी होत नाही. जागा थोड्या असतात तेव्हा त्या कोणाला कळतात, हा न्यायाचा प्रश्न अधिकच तीव्र होतो. जागा कळवण्यात मालकाचे हित काय, हे १९५९ च्या कायद्याने विचारले नाही, म्हणून त्याचा कागद निर्जीव राहिला. १९९७ च्या संकेतस्थळाने ते विचारले, म्हणून ते टिकले. परंतु ज्याच्यापाशी अनुभव नाही त्याच्याविषयी खात्री कोणी द्यायची, हे त्यालाही पुरते सोडवता आले नाही. महाविद्यालयीन तरुणांसाठी आज जो कोणी नवे काही उभारू पाहतो, त्याने आपली योजना या दोन प्रश्नांवर घासून पाहावी. बाजारपेठेच्या अहवालांइतकेच जुने समिती अहवाल, कायद्याची कलमे आणि न्यायनिवाडे हेही संशोधनाचे साहित्य आहे.

२५/
इतिहासाच्या अभ्यासकांनाही येथे मोठे काम आहे. आपल्या गावच्या ग्रंथालयात १९५०, १९७० किंवा १९९० मधील दैनिकांचे गठ्ठे असतील, तर त्यांतील नोकरीच्या जाहिराती काढून पाहाव्यात. कोणत्या जागा निघत, कोणती पात्रता मागत, पगार छापत की लपवत, स्त्रियांनी अर्ज करावा की नाही याविषयी काय लिहीत, पत्ता देत की बॉक्स नंबर. पहिल्या पानावर त्या दिवशीचे राजकारण असते. जाहिरातींच्या पानावर त्या समाजाने आपल्या तरुणांना कोणती दारे उघडी ठेवली होती आणि कोणती बंद, याची नोंद असते. मराठी प्रदेशातील सुशिक्षित बेकारीचा इतिहास लिहायचा, तर या पानांची मोजदाद कोणीतरी करायला हवी.